लँकॅस्टरच्या पंखाला तडा गेलाय, झिंक पेस्ट म्हणतात ते हेच का? आणि पुढचं बॉम्बर कुठलं घेऊ?

पंचगंगेचा_पायलट

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, मंगळवार पेठ. डायकास्ट विमानं, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली छोटी मॉडेलं, जमवायला लागून तीन वर्षं झाली, आधी स्पिटफायर हरिकेन अशी पाच फायटर होती ती टीव्हीच्या कपाटात गपगुमान बसली, मग बॉम्बरचा नाद लागला आणि तिथनं घरात जागेवरनं भांडणं चालू झाली. तो विषय सोडा.

गेल्या दिवाळीत एका ग्रुपवरनं सेकंडहँड लँकॅस्टर घेतलं, महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर, १/७२ चं म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, साडेअकरा हजार मोजले. ६१७ स्क्वाड्रनचं आहे, १६-१७ मे १९४३ च्या रात्री जर्मनीतली धरणं फोडायला १९ लँकॅस्टर गेली होती त्यातलं. पोटाखाली ड्रमसारखा बॉम्ब आहे आणि तो बोटानं फिरतो, हे बघूनच मी पागल झालो खरं तर. खऱ्या विमानात टाकायच्या आधी तो मोटर लावून उलटा फिरवायचे, मिनिटाला ५०० फेरे, म्हणजे पाण्यावरनं टप्पे घेत धरणाच्या भिंतीला जाऊन भिडायचा आणि भिंतीला चिकटूनच खाली बुडायचा. लहानपणी रंकाळ्यावर खापऱ्या उडवलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

तर अडचण अशी की डाव्या पंखाच्या मुळाशी, बॉडी आणि आतल्या इंजिनाच्या मध्ये, केसाएवढी रेघ आली आहे. जूनमध्ये नव्हती. पाऊस झाला, ऑगस्टमध्ये कपाट पुसताना दिसली, नख फिरवलं तर नखाला लागते. नेटवर वाचलं की झिंक पेस्ट नावाचा रोग असतो, त्यात मॉडेल आतनं फुगून भुगा होतं. वाचल्यापासनं झोप नाही. हा तोच रोग आहे का, असेल तर बाकीच्या विमानांना लागेल का, लँकॅस्टर वेगळं ठेवू का?

आणि जाता जाता, पुढचं बॉम्बर कुठलं घ्यावं? डोक्यात बी-१७, लिबरेटर आणि बी-२९ ही अमेरिकन बॉम्बर आहेत. कपाटाची खोली बारा इंच. का सरळ १/१४४ कडं वळू? फोटो टाकलाय, मोबाईलचा आहे, सांभाळून घ्या.

फौंड्रीवाला_शिरोली

भावा आधी पाणी पी. पेस्ट म्हणजे टूथपेस्ट नव्हे, कीड. आणि कीड नाव असलं तरी ती किडीसारखी एकाकडनं दुसऱ्याकडं जात नाही, त्यामुळं स्पिटफायर शेजारी बसू दे बिनधास्त.

आमची लाइन बिडाची, सॅन्ड कास्टिंग, पण शेजारच्या शेडमध्ये प्रेशर डायकास्टिंग चालतं म्हणून थोडं कळतं. ही मॉडेलं झामॅकची असतात, म्हणजे जस्त, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम, आणि ग्रेडप्रमाणं तांबं. नावच त्याच्यावरनं पडलंय, जर्मन स्पेलिंगची पहिली अक्षरं. ३८०-३९० डिग्रीला पातळ होतं (आमचं बीड ओतायला चौदाशेच्या आसपास लागतं, त्याच्यापुढं हे म्हणजे चहा), पोलादी डायमध्ये प्रेशरनं मारतात, त्यामुळं एवढ्या बारीक रेघा उठतात. आता गोम अशी की या मिश्रणात शिसं चालत नाही. लाखात पाच भाग एवढीच मर्यादा आहे बघ. जरा जास्त शिसं नाहीतर कथील गेलं की धातूच्या कणांच्या सांध्यांमधनं गंज आत शिरतो, माल फुगतो, वाकतो, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात, शेवटी बिस्किटासारखा तुटतो. दमट हवेत हे जोरात चालतं. महायुद्धाआधीची जुनी डिंकी कंपनीची खेळण्यातली विमानं याच कारणानं गेली, कारण तेव्हा भंगार वितळवताना कोण काय टाकतंय बघायला कोण होतं. यावर औषध नाही. रंग मारून, तेल लावून काही होत नाही, दोष ओततानाच आत गेलेला असतो.

पण तुझं मॉडेल एवढं जुनं नाही आणि चीर एकच आहे, एका सरळ रेघेत. कीड अशी शिस्तीत येत नाही. व्हर्नियर घे आणि मुळापासनं सारख्या अंतरावर डाव्या पंखाची जाडी मोज, उजव्याची मोज. आकडे टाक हितं. डावा फुगला असेल तर बोलू, नाहीतर झोप.

शेल्फवाली_राजारामपुरी

कपाटाचं मी सांगते, कारण याच्यात माझं बरंच डोकं आणि पैसा गेला आहे. सगळे पंखांची लांबी बघतात आणि फसतात. पंख कपाटाच्या रुंदीत जातात, तिथं जागा असते, अडतं ते नाक ते शेपूट. लँकॅस्टर १/७२ मध्ये पंख ४३ सेंटीमीटर पण लांबी २९, म्हणजे बारा इंचात कसंबसं बसतं. बी-१७ ची लांबी साडेएकतीस. अर्धा इंच! त्या अर्ध्या इंचापायी माझ्या शोकेसची काच सहा महिने उघडी होती आणि धूळ खाल्ली सगळ्यांनी. शेवटी तिरकं ठेवलं तर शेजारचं मिचेल बॉम्बर उठवायला लागलं. लिबरेटरचे पंख साडेसेहेचाळीस आहेत पण लांबी पावणेएकोणतीसच्या आत, म्हणजे ते लँकॅस्टरपेक्षा रुंद असून कपाटात लवकर बसतं. बी-२९ चा विचार सोडा, पंख ६० आणि लांबी ४२ सेंटीमीटर, ते ठेवायचं तर टीव्ही काढावा लागेल. त्याचं १/१४४ घ्या, ३० सेंटीमीटरमध्ये छान दिसतं.

१/१४४ वाईट नाही पण मग सगळंच १/१४४ करा. एका फळीवर दोन स्केल ठेवली की मॉस्किटोसारखं छोटं विमान लँकॅस्टरएवढं दिसतं आणि बघणारा हमखास विचारतो की हे मोठं होतं काय त्याच्यापेक्षा. (१/७२ चं मॉस्किटो २३ सेंटीमीटर, १/१४४ चं लँकॅस्टर साडेएकवीस. आता बोला.)

कोल्हापूरच्या पावसाचं म्हणाल तर कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागं चार बोटं जागा सोडा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातनं एकदा तव्यावर नाही, उन्हात किंवा ओव्हनमध्ये कोरड्या करून परत ठेवा. तव्यावर मी केल्या होत्या, पुडी जळाली, घरभर वास, सासूबाई अजून काढतात विषय. पुसायला फडकं अजिबात नको, अँटेनाची तार तुटते. मेकअपचा मऊ ब्रश. आणि मऊ रबरी टायर असतील तर महिनोन्महिने ॲक्रिलिकच्या फळीवर थेट ठेवू नका, टायरमधलं तेल सुटून डाग पडतात, चार छोट्या काचा ठेवा खाली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमचे एक नातेवाईक शाहूपुरीत राहायचे, माझे सतरा बॉक्स त्यांच्याकडं तळमजल्यावर ठेवले होते घर रंगवायचं म्हणून. महापुराचं पाणी यायच्या आदल्या रात्री त्यांनी गॅस सिलिंडर, धान्य आणि माझे बॉक्स माळ्यावर टाकले. विमानं वाचली. त्यांचा फ्रिज गेला. तेव्हापासनं मी त्यांच्यासमोर किमती सांगत नाही.

कातर_आणि_डिंक

मी प्लास्टिक किटवाला, त्यामुळं इथं माझं मत कोण विचारत नाही माहीत आहे. पण फोटो झूम करून बघितला आणि एक दिसलं. उजव्या पंखावर पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्याच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा, मुळापासनं सलग इंजिनापर्यंत जातात. डाव्या पंखावर त्या चिरेच्या अलीकडं-पलीकडं मिळून सेंटीमीटरभर गायब आहेत. आणि तिथला काळा रंग जरा चमकतोय, बाकीचा मॅट आहे. डायमधनं निघालेल्या मॉडेलला एकाच बाजूला रेघा नाहीत असं होत नाही राव. तिथं कुणीतरी पुट्टी भरून घासली आहे. हे काम मी रोज करतो म्हणून ओळखलं, आणि केलंय पण घाईत.

फौंड्रीवाला_शिरोली

आयला. हे माझ्या नजरेतनं सुटलं. मोजायचं राहू दे, त्या जागी सुईनं खरवड. चंदेरी आलं तर धातू.

साधा_सरळ_माणूस

मधेच बोलतो, राग मानू नका. विमानं सुंदर असतील पण ही शहरं जाळायला बनवलेली यंत्रं आहेत. हॅम्बुर्ग १९४३, ड्रेस्डेन १९४५. बी-२९ म्हटलं की हिरोशिमा. घरात पोरांच्या डोळ्यांसमोर हे मांडायचं म्हणजे मला जरा विचित्र वाटतं. फायटर समजू शकतो.

शेल्फवाली_राजारामपुरी

राग नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिनं हेच विचारलं होतं, की आई यांनी खाली कोण आहे ते बघितलं का. तेव्हापासनं प्रत्येक विमानाशेजारी मी एक कार्ड ठेवते, किती माणसं आत बसायची आणि काय झालं ते. लँकॅस्टरच्या कार्डावर लिहिलंय: आत सात जण, ब्रिटिश बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं मेली. त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला ड्रेस्डेन. पाहुणे कार्ड उलटतातच असं नाही, पण मुलगी उलटते.

कागलचा_नातू

पुढचं कुठलं घ्यायचं याच्यावर मी बोलणार, आणि एकच नाव घेणार. लिबरेटर.

माझे आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर हल्ला होता, संध्याकाळी आपल्या लोकांनी नदी ओलांडायची होती, आणि दुपारी आधी वरनं विमानं आली. आठशेच्या वर जड बॉम्बर, बी-१७ आणि बी-२४, म्हणजे हेच लिबरेटर. आजोबांना विमानांची नावं माहीत नव्हती. ते एवढंच सांगायचे की खंदकात बसलो होतो आणि पत्र्याच्या मेसटीनमधला चहा आपोआप हलत होता, त्याला हात न लावता. त्याच संध्याकाळी सेनिओच्या बांधावर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्याच मराठा लाइट इन्फंट्रीचे.

आता गंमत बघा. त्या दिवशी शेजारच्या फळीत पोलंडची सेना होती, जनरल अँडर्सची, आणि विमानांच्या एका तुकडीचे बॉम्ब चुकून त्यांच्याच माणसांवर पडले. या पोलिश सैनिकांपैकी कित्येकांची बायकामुलं तेव्हा कुठं होती? आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात. १९४३ ते ४८, साधारण पाच हजार पोलिश लोक हितं राहिले, आज तिथं गांधीनगर आहे, कापड घ्यायला सगळे जातो. महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ आहे तो किती जणांनी वाचलाय देव जाणे, मी पण चाळिशीत वाचला. म्हणजे तिकडं बाप सेनिओवर मराठ्यांच्या शेजारी लढतोय आणि पोरगं वळिवड्याच्या कॅम्पात शाळेला जातंय. ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सात उठाव झाला तेव्हा इटलीतल्या ब्रिंडिसीहून पोलिश वैमानिक शस्त्रं टाकायला जायचे, ते पण लिबरेटर आणि हॅलिफॅक्स घेऊन.

आणि तिसरं. युद्ध संपल्यावर कानपूरला चकेरीच्या डेपोत लिबरेटर भंगारात काढली होती, परत उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. एचएएलच्या लोकांनी त्यातली सुमारे ४० जोडून उभी केली, बंगळूरला उडवत नेली, नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची ५ नंबर स्क्वाड्रन त्याच्यावरच सुरू झाली आणि ६ नंबरनं ती १९६८ पर्यंत समुद्रावर टेहळणीला वापरली. आज ब्रिटनच्या हवाई दलाच्या म्युझियममध्ये आणि अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा म्युझियममध्ये जी लिबरेटर उभी आहेत ती आपल्याकडनं गेलेली. ज्यांनी बनवली त्यांच्याकडं फारशी उरली नव्हती, आपण दिली. जुनी गाडी जोडून चालवायचा नाद कोल्हापूरकराला कळायला पाहिजे.

दिसायला ते लँकॅस्टरएवढं देखणं नाही, कबूल. अंग बटाट्याच्या पोत्यासारखं. पण कपाटात एकच ठेवायचं तर मी तेच ठेवीन, ठेवलंय.

कातर_आणि_डिंक

लिबरेटरचं किट करणाऱ्यांना सूचना, नाकात छरे भरा. तिन्ही चाकांवर उभं राहतं म्हणे, पण वजन मागं असतं, शेपटीवर बसतं. मी पहिल्यांदा विसरलो, पूर्ण रंगवून झाल्यावर कळलं. डायकास्टवाल्यांना हा त्रास नाही, तेवढं एक तुमचं बरं.

बाकी डायकास्ट घ्यायचं तर बाहेरनं मागवताना ड्युटी आधी जोडा. २०२० ला खेळण्यांवरची २० ची ६० टक्के केली आणि २०२३ ला ७०. तुम्ही म्हणणार हे खेळणं नाही, बॉक्सवर चौदा वर्षांवरील लिहिलंय. कस्टमच्या यादीत छोट्या स्केलची मॉडेलं खेळण्यांच्याच खात्यात आहेत, वाद घालून उपयोग नाही. माझं एक पार्सल एका कुरिअरनं अशा अवस्थेत दिलं की बॉक्स हलवला तर आत पोह्यांचा आवाज. किट होतं म्हणून हसलो, तसंही जोडायचंच होतं.

पंचगंगेचा_पायलट

काय सांगू तुम्हाला. सुईनं खरवडलं. वरनं काळा रंग, त्याच्याखाली करडं, खडूसारखं पीठ निघालं, पोटात धस्स झालं म्हटलं आला रोग. मग अजून खरवडलं तर ते पीठ एका जाड वळकटीतनं येत होतं, वास घेतला आणि लगेच कळलं कारण आमच्या बाथरूमच्या पाइपला तेच लावलंय. एमसील! पंख कधीतरी पडून मुळातनं तुटलेला, कुणीतरी एमसील मळून बसवलाय, पॉलिश पेपर मारला, वरनं काळा ऑइलपेंट. पावसाळ्यात सांधा हलला आणि चीर दिसली. व्हर्नियरनं पण मोजलं, चिरेच्या बाहेर दोन्ही पंख सारखेच भरले, कीडबीड काही नाही.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला मला माहीतच नव्हतं, मग म्हणाला तीन वर्षांपूर्वी मांजरानं पाडलं होतं, मग म्हणाला मांजर शेजाऱ्याचं होतं. दोन हजार परत दिले. मांजराचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही.

फौंड्रीवाला_शिरोली

बघ, म्हटलं होतं झोप. एमसील खरवडून सगळं काढ, परत तेच भरू नकोस. दोन्ही तोंडांना दीड मिलीची भोकं पाडून स्टीलची पिन घालायची, मग अराल्डाइट, आणि २४ तास हलवायचं नाही. चार इंजिनांचा पंख नुसत्या चिकटवण्यावर तरंगत नाही भावा, जस्त जड असतंय. भोक हातानं पाडायला जाऊ नको, सरकून रंगावरनं जाईल. सुट्टीदिवशी शेडवर घेऊन ये, छोटं ड्रिल आहे.

पंचगंगेचा_पायलट

झालं काम. फौंड्रीवाले दादांकडं जाऊन आलो, दोन पिना घातल्या, पोरांनी काम थांबवून बघितलं, एकानं विचारलं हे उडतंय काय. पॅनेल लाइन कातर_आणि_डिंक भाऊंनी सांगितल्याप्रमाणं सुईनं परत ओढल्या, लांबनं कळत नाही, जवळनं कळतं, चालतंय. कार्डाची आयडिया पण घेतली ताईंची. लिबरेटर शोधतोय, मुंबईत एकाकडं आहे, या वेळी दोन्ही पंखांचे जवळनं फोटो मागवलेत.

एकच शंका राहिली. ड्रिल करताना विमान उलटं धरलं होतं तेव्हा अराल्डाइटचा थेंब बहुतेक पोटाखाली गेला, तो बॉम्ब आता फिरत नाही. सोडवायला काही उपाय?

फौंड्रीवाला_शिरोली

राहू दे की. फिरवून काय राधानगरीचं धरण फोडणार हाईस काय? त्याचे सात दरवाजे आपले आपण उघडतात.